इंजिन चालवणारा

पेडण्याच्या स्टेशनावर काल इंजिनाच्या डिझेलचा वास आला आणि एकाहत्तरच्या लढाईनंतरची आमच्या हळर्ण गावची एक सकाळ आठवली. बाँबफेकी विमानावरचा मी नेव्हिगेटर, बाँब सोडायचं बटणही माझ्याच हाती; रजेवर घरी आलो होतो. आमच्या तुकडीने शत्रूचं रेल्वे यार्ड कसं उडवलं, ते अंगणात जमलेल्या शेजाऱ्यांना हातवारे करून सांगत होतो.

शेजारच्या सुमतीकाकींचा मुलगा वास्कोला रेल्वेत ड्रायव्हर होता. काकींनी मध्येच विचारलं, "आनी इंजिन चालवणारो रे? तो वाचलो मां?"

"शत्रूचो तो, काकी! त्याका कोण मोजता?" मी म्हणालो. सगळे हसले. काकी चहा तसाच ठेवून उठून गेल्या.

खरं तर इंजिनातून उडी टाकून पळणारा तो माणूस मला वरून दिसला होता. तो यार्डाबाहेर दूर गेलेला दिसल्यावरच मी बटण दाबलं होतं. काकी वारल्या, पण माझी ती फुशारकी खोटी होती, हे त्यांना सांगायचं धैर्य मला कधीच झालं नाही.