चिंधी मागणारे आबा

आबांच्या दुकानात नुसते पैसे घेऊन गेलं तर हात हलवत परत यावं लागे. साड्यांच्या कारखान्यांनी भरलेल्या उधन्यात ते शिलाई मशीनचे सुटे भाग विकायचे. सुईजवळ कापड दाबून धरणारा फूट मागा, नाहीतर कड सरळ चालावी म्हणून लावतात ती गाईड मागा, आबा आपल्या अहिराणीत एकच म्हणणार, "आधी चिंधी दखाड." काम चाललेल्या कापडाचा शिवलेला तुकडा पाहिल्याशिवाय हा माणूस डब्याला हात लावायचा नाही.

गिऱ्हाइकं वैतागायची. एका कारखानदाराने घाईघाईत दहा फूट मागितले, तर त्याला म्हणाले, "शेठ, औषध मागताय अन् दुखणं सांगत नाही." तो तणतणत शेजारच्या दुकानात गेला. तिसऱ्या दिवशी चिंधी घेऊन मुकाट्याने हजर!

मी वीस वर्षं साड्यांना लेस लावत आलेय. मध्यंतरी माझी शिलाई बिघडायला लागली. माझ्या आईचे हात पन्नाशीतच थरथरू लागले होते, तिला धड कुंकू लावता येईना. माझीही पन्नाशी आली होती. मी हाय खाल्ली. घरी कुणाला बोलले नाही. गाईड लावली तर थरथर लपेल, म्हणून आबांकडे गेले.

त्यांनी चिंधी उजेडात धरली. "गाईड कशाला?" खोटं बोलवेना. म्हटलं, "आबा, हात कापतो माझा."

"बहीन, दर दोन बोटांवर टाके गोळा झालेत. कापणारा हात इतक्या शिस्तीत चुकत नाही. फॉइलची, चमकत्या छापाची साडी आहे, लोखंडी फूटला चिकटते अन् मग उडी मारते."

मला पटेना. मग त्यांनी दुकानातल्या मशीनला पांढरा टेफ्लॉनचा फूट लावून मला बसवलं. शिलाई सरळ आली. तरी माझा चेहरा तसाच. तेव्हा ते स्वतः बसले आणि त्याच फूटने वीतभर शिवलं. टाके कुठे आत, कुठे बाहेर. चार गिऱ्हाइकांदेखत ती चिंधी माझ्या हातात देत, स्वतःकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, "हाई थरथरता हातनी शिलाई शे. मनी. तुना हात चांगला शे."

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच रडले. गाईड त्यांनी विकलीच नाही. घरी येऊन सगळं भडाभडा सांगून टाकलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

पुढच्याच महिन्यात आबा दुकान मुलावर सोपवून शिरपूरकडे गावी निघून गेले. माझा हात अजून ठणठणीत आहे. पण त्या दिवशी मला इतकं सुटल्यासारखं झालं होतं, की त्यांचा हात कधीपासून कापतो, डॉक्टरला दाखवला का, एवढंही मी विचारलं नाही.