मामांच्या नाट्यगृहाला दुसरी सही
सिंगापूरसारख्या शहरात, जिथे माणसं टेबल अडवायला नुसतं टिश्यूचं पाकीट ठेवून निर्धास्तपणे रांगेत उभी राहतात, तिथे संशय घ्यायचं सगळं काम माझ्या बायकोच्या मामांनी एकट्यानं अंगावर घेतलं आहे. आमच्या बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, पाकीट तेही ठेवतात, पण रांगेत मात्र टेबलाकडे तोंड करून उलटे उभे राहतात. एमआरटी मेट्रोत बसले की स्टेशनं बोटांवर मोजतात. एखादं गाळलं तर कळायला नको? उभा जन्म बँकेत सह्या पडताळण्यात गेला. आमच्या लग्नात त्यांनी नोंदणीच्या वहीतली माझी सही दोनदा निरखली आणि मामींच्या कानात म्हणाले, "शेपूट ओढताना हात थरथरलाय. लक्ष ठेवायला हवं." वीस वर्षं झाली, अजून ठेवून आहेत.

दुसऱ्या माणसाची सही झाल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी नाही, हा बँकेतला नियम त्यांनी घरी आणला आणि त्यात स्वतःच अडकले. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या गावच्या नाट्यगृहाचा इतिहास लिहायला घेतला. नाट्यगृह पाडून तिथे कधीच कापडाचं दुकान झालेलं, कागदपत्रं वाळवीनं खाल्लेली. तिथला पडदा मामांच्या वडिलांनी रंगवला होता, पण गावाला ते दुकानांच्या पाट्या रंगवणारे म्हणूनच ठाऊक. तो पडदा पाहिलेला एक तरी साक्षीदार मामांना हवा होता आणि मिळाले तेवढे सगळे त्यांनीच नापास केले. फोनवर मुद्दाम विचारायचे, "पडद्यावर मोर होता ना?" समोरचा हो म्हणाला की फोन बंद. "खोटारडा! हंस होते." आमची मुलगी त्यांना सिंगापुरी इंग्रजीत चिडवायची, "नो फोटो, नो प्रूफ, लाह!" आणि मामा गंभीरपणे मान डोलवायचे. खरं सांगतो, हळूहळू मलाही संशय यायला लागला, की असं काही नाट्यगृह होतं तरी का?

मागच्या महिन्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला, मुलाकडे आलेल्या, त्यांच्याच गावच्या एक आजी सापडल्या. मामा मला घेऊन त्यांच्याकडे गेले. चहा हुंगून बाजूला ठेवला आणि मोराचा सापळा लावला.

"मोर कुठला मेला?" आजी म्हणाल्या. "दोन हंस होते. त्यातल्या एकाला डोळाच नव्हता. पेंटर विसरला म्हणून आम्ही मुली हसायचो." मग संशय घ्यायची पाळी त्यांची आली. "पण तुम्ही कोण? कुणाचे?"

"त्या पेंटरचा मुलगा," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "विसरले नव्हते ते. तो डोळा मी काढायचा होता. सहा वर्षांचा होतो, शिडीवर चढायला घाबरलो. बाबा म्हणाले, राहू दे, मोठा झालास की काढ."

आजींनी मामांच्या इतिहासाच्या वहीत वाकडीतिकडी सही केली. मामांनी ती पडताळली नाही. गार झालेला चहा मात्र सगळा प्यायले.

परतताना मेट्रोत त्यांचे हात मांडीवर स्वस्थ होते. "मला वाटायला लागलं होतं," खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "की मीच रचलंय सगळं." आमचं बेडोक आलं, दारं उघडली, मिटली. मामांना कळलंच नाही. मला कळलं होतं, पण मी त्यांना उठा म्हणालो नाही.