भिंत नसलेलं फाटक

ज्याने आमच्या बागेच्या भिंतीचे चिरे नेले, तो आजही संध्याकाळी त्याच बागेत हवा खायला येतो. नाव सांगत नाही. एकाचं सांगितलं तर अर्ध्या गावाचं सांगावं लागेल. भिंत हळूहळू लोकांच्या विहिरींना आणि गोठ्यांना लागली. बागेला उरलं ते फक्त फाटक. दोन पुरुष उंच, बिडाचं, आणि दोन्ही बाजूंना मोकळी हवा. अशा वस्तूभोवती किस्से साचणारच.

स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. मी कोल्हापूरहून बी.ए. होऊन आलो होतो आणि गाव सुधारायची मला भयंकर घाई होती. तेव्हा बागेला भिंत होती, आणि मुंबईत व्यापार करणाऱ्या गावच्याच एका शेटजींनी बागेला फाटक द्यायचं कबूल केलं. कारखान्याच्या कॅटलॉगातल्या फाटकांवर द्राक्षांचे वेल होते. मी हट्ट धरला, "द्राक्षं कुणी बघितलीत इथं? आपलं काहीतरी हवं." माडांची आणि बांगड्यांची चित्रं स्वतः काढून पाठवली.

साचा करणाऱ्याने बांगडा कधी पाहिला नसावा. आगबोटीतून सुटे भाग आले, होडीतून किनाऱ्याला लागले, पेटारे उघडले आणि किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारा सगळा संघ ते तिथंच टाकून धावत आला.

"ह्यो बांगडो नाय, पेडवो आसा."

"पेडव्याक असो शेपूट आसता?"

तासभर वाद चालला. शेवटी बाबल मेस्त्रीला विचारलं. जन्मभर होड्या बांधलेला माणूस. त्याने लोखंडी माशावरून हात फिरवला आणि म्हणाला, "रांदल्याशिवाय काय सांगूक येवचा नाय."

फाटक उभं करायचं कामही त्याच्याचकडे गेलं, कारण एवढं जड काही उभं करणारा दुसरा कुणी नव्हता. होडी ओढतात तसे चाळीस जण दोरांना लागले, आरोळ्या झाल्या, नारळ फुटला. मी ओळंबा लावून पाहिला तर खांब समुद्राकडे बोटभर कललेले!

"मेस्त्री, सरळ करा."

"वारो खंयसून येता, ता तुझ्या त्या दोरयेक म्हायत आसा?" बाबल म्हणाला आणि विडी पेटवायला गेला.

त्या पावसाळ्यात शाळेचं छप्पर उडालं. फाटक जागचं हललं नाही. ओळंबा मी घरी नेऊन ठेवला.

मग गंज. मी कोल्हापूरहून उत्तम हिरवा रंग आणवला. खाऱ्या हवेने वर्षभरात त्याचे पापुद्रे काढले. बाबलने मला न विचारता फाटकाला मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल फासलं, होडीच्या फळ्यांना फासतात तेच. गंज थांबला. पण गावातली झाडून सगळी मांजरं फाटक चाटायला जमू लागली. बाग समितीचे अध्यक्ष आबा नाकाला उपरणं लावून म्हणाले, "गुलाब आपण लावले, आणि वास मासळी बाजाराचा?"

आबांना निमित्तच हवं होतं. भिंत आता उरली नाही तर फाटक कशाला, ते भंगारात द्यावं, असा ठराव त्यांनी मांडला. शेवटचा शब्द रत्नागिरीहून येणाऱ्या सरकारी साहेबांचा होता. मी फाटकाचा सात पानी इतिहास लिहून काढला. माझी पाच वर्षं त्या बिडात ओतलेली होती.

साहेब आले ते ऐन दुपारी. राखणदार पेद्रू रोजच्यासारखा कुलूप लावून जेवायला गेलेला. आबा बाजूने आत गेले, त्यांच्यामागून साहेब, त्यांच्यामागून कारकून. सात पानं हातात धरून मीही बाजूनेच गेलो.

साहेब वळून म्हणाले, "तुम्ही स्वतःसुद्धा बाजूनेच आलात. मग हे हवंय कशाला?"

मी सात पानं पुढे केली. साहेबांनी ठरावावर सही करायला पेन काढलं.

तेवढ्यात बंद फाटकाबाहेर कुणीतरी उभं दिसलं. किनाऱ्यावरून बागेच्या वाटेने बाजाराला निघालेली एक म्हातारी मासे विकणारी, डोक्यावर भरलेली पाटी, कपाळावरून घाम ओघळतोय. पेद्रूची वाट बघत ती जागची हलत नव्हती.

साहेबांना दया आली. "अहो बाई, बाजूने या की. सगळं मोकळंच आहे."

म्हातारीने पाटी सावरली आणि साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दार आसताना बाजून येवक मी काय चोर आसंय?"