बाबांची अर्धी राहिलेली जिऑलॉजी

माझे बाबा सेकंड इयर पास झाले आणि महिन्याभरात गेले.

अडुसष्ट वर्षांचे होते.

आज वर्ष झालं. इथे लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय. लिहितेच.

बाबा वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर. आम्ही इथे आलो तेव्हा मी नर्सरीत होते. रिटायर झाल्यावर सांगलीला परत जायचं, हे आईला दिलेलं वचन. तिकडे फ्लॅट घेऊन ठेवलेला, पडदेसुद्धा लावलेले.

आणि रिटायर झाल्यावर बाबा म्हणाले, "मला युनिव्हर्सिटीत जायचंय. अंडरग्रॅज्युएट. जिऑलॉजी."

त्यांना मुळात तेच शिकायचं होतं. आजोबांनी मेडिकलला घातलं.

आई म्हणाली, "अहो, लोक नातवंडांना कॉलेजात सोडायला जातात."

"तीनच वर्षं गं. आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता जरा जागा राहून बघतो."

प्रवेशाआधी युनिव्हर्सिटी दाखवतात, त्या ओपन डेला आई सोबत गेली, रागातच. दारातल्या स्टुडंटने आईला विचारलं, "Is your son or daughter applying?"

आईने बाबांकडे बोट दाखवलं. "Him."

हे सांगताना ती पहिल्यांदा हसली.

वर्गात सगळे त्यांना डॉक म्हणायचे. पेम्ब्रोकशरच्या फील्ड ट्रिपला गेले तेव्हा हॉस्टेलमधून आईला फोन. "अगं, मला वरचा बंक मिळाला होता! पण बेथन नावाची एक मुलगी आहे, तिने भांडून मला खालचा मिळवून दिला."

मी बेसिंगस्टोकला ऑफिसमध्ये होते, आईने तिथे फोन करून मला हे सांगितलं. त्या वर्षी बाबा जितके खूश होते, तितके मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

सेकंड इयरच्या ख्रिसमसला पोट दुखायला लागलं.

पॅन्क्रियाजचा कॅन्सर. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. बाबांनी आम्हाला समोर बसवून स्वतःच सांगितलं, पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात तसं. हळू, स्पष्ट, मध्ये थांबून.

मी रडत म्हटलं, "बाबा, कॉलेज सोडा आता. आईला घेऊन सांगलीला जा. तिची किती वर्षांची इच्छा आहे."

बाबा मान खाली घालून म्हणाले, "हो. जाऊ या."

आईने त्यांना विचारलं, "परीक्षा मेमध्ये ना?"

"हो."

"मग मेनंतर बघू."

पुढच्या सोमवारी ती त्यांच्याबरोबर लेक्चरला गेली.

ट्यूटरने सांगितलं होतं, वर्षभर ब्रेक घ्या, जागा राखून ठेवू. बाबांनी थँक यू म्हटलं आणि ब्रेक घेतला नाही. केमोनंतर त्यांची बोटं बधिर व्हायची, पेन धरवायचं नाही. म्हणून शेजारी बसून आई लिहायची. कळत काही नव्हतं. कानावर पडेल ते देवनागरीत. "कार्बोनिफेरस लाइमस्टोन." "अनकन्फॉर्मिटी." घरी आल्यावर बाबा तिला ते समजावून सांगायचे. मी वीकेंडला गेले की दोघं किचन टेबलवर नकाशा पसरून बसलेले, आणि चहा गार झालेला.

परीक्षेला वेगळी खोली आणि जास्तीचा वेळ मिळाला. शेवटच्या पेपरनंतर ते टॅक्सीतच झोपले.

रिझल्ट लागला तोवर बेड खाली सिटिंग रूममध्ये आला होता. मी लॅपटॉपवर बघून सांगितलं, "बाबा, पास! टू-टू."

म्हणजे सेकंड क्लासमधला खालचा. बाबांच्या कपाळाला आठी. "ग्रुप प्रोजेक्टने घात केला."

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ते आईला म्हणाले, "तुला सांगलीला नेलं नाही मी."

आई त्यांचे पाय चेपत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला तुमच्याबरोबर राहायचं होतं. तशी राहिले ना मी."

मी किचनमध्ये जाऊन नळ सोडला.

दोनच वर्षं पूर्ण केली तर डिग्री मिळत नाही, पण डिप्लोमा मिळतो. तो घ्यायला यंदाच्या जुलैमध्ये आई स्टेजवर गेली. पैठणी, वरून कार्डिगन, पायात ट्रेनर्स. त्या दिवशी बाबांच्याच वर्गाला डिग्र्या होत्या. बाबांचं नाव पुकारलं आणि ती सगळी मुलं उभी राहिली. कोणी सांगितलेलं नव्हतं. टाळ्या थांबेचनात. आईला कुठे बघावं कळेना, तिने डोक्यावरून पदर घेतला आणि सगळ्यांना हात जोडले.

खाली आल्यावर बेथन तिच्या गळ्यात पडून रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत मराठीतच म्हणत राहिली, "रडू नको बाळा, पास झालीस ना."

ती स्वतः मात्र त्या रात्री घरी येऊन रडली. वर्षभरात पहिल्यांदा.

बाबा, आई आता जेवते नीट. मी येऊन-जाऊन असते. घर तुमच्याशिवाय फार मोठं वाटतं.

खूप आठवण येते तुमची.

पायांवर डोकं ठेवून नमस्कार, बाबा.