ड्रॉवरमधले आकडे

“ऊठ गं. जागा सोड.”

दिवसातून वीसदा तरी शेठ मला असं उठवायचा, गिऱ्हाइकांदेखत. डहाणूत कचेरीसमोर त्याचं टायपिंगचं दुकान. संगणकावरचा मराठी फॉन्ट जुना. काही जोडाक्षरं नुसत्या कळांनी यायचीच नाहीत. आल्टचं बटण दाबून धरायचं, उजवीकडच्या कळांवर चार आकडे मारायचे, आल्ट सोडलं की अक्षर उमटायचं. त्या आकड्यांचा तक्ता शेठच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. मी तेवढी जागा कोरी सोडायची आणि भिंतीला लागून उभं राहायचं. तो येणार, खुर्ची रुमालाने पुसणार, मग बसून ती अक्षरं भरणार.

खुर्ची पुसायचा! माझ्या बसण्याने काय सांडत होतं? मी तलासरीची, वारली. आई त्याच्याच वाडीत चिकू वेचायची. तिला पाणी वरून ओतायचे. मी टायपिंगची परीक्षा पास झाले, तरी रुमाल सुटला नाही.

एकदा गंजाडची एक म्हातारी वनजमिनीच्या दाव्याचा अर्ज करायला आली. पडद्याकडे बोट करून म्हणाली, “पोरी, इथं मोकला का ठेवला?”

शेठ म्हणाला, “हिला अर्धंच येतं. तुमच्या पाड्यावर पुरं कुणाला येतं?”

दुकान हसलं. म्हातारीही हसली, आपल्यालाच हसतायत हे न कळून. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून शेठ जेवायला गेला की मी आल्ट धरून बसू लागले. शून्य एक दोन आठ. मग शून्य एक दोन नऊ. ओळीने. जे उमटेल ते वहीत. अंगठा भरून यायचा. महिन्याभरात माझा तक्ता पुरा झाला.

म्हातारी दुरुस्तीसाठी परत आली. शेठ म्हणाला, “ऊठ.”

मी उठले नाही. आल्ट दाबलं, आकडे मारले. एक अक्षर. दुसरं. शेठ रुमाल घेऊन उभाच.

“ड्रॉवर उघडलास?”

“नाही. आकडे मीच शोधले.”

“तुमची जातच चोर.” त्याने वही ओढून फाडली.

फाडू दे. आकडे बोटांत होते. मी अर्ज पुरा केला, छापला, म्हातारीच्या हातात दिला. मग खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

“घ्या. पुसत बसा.”

आता तलासरीत माझं स्वतःचं टायपिंगचं दुकान आहे. तक्ता भिंतीवर, दारातून दिसेल असा. शेठकडे आता पाड्यावरचीच दुसरी पोर बसते. तिलाही उठवतो. तिला मी रविवारी बोलावलंय, वही घेऊन. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. कुलूप लावावं असं काहीच त्याच्या ड्रॉवरमध्ये शिल्लक ठेवणार नाही.