चराईबंदीचा ठराव

हायस्कुलात इतिहास शिकवण्यात माझी उभी हयात गेली. इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी सनद लिहून घेतली, तो भाग आला की मला चेव यायचा. राजालाही कायदा लागू असतो, हे मी पोरांकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचो. त्याच काळातल्या दुसऱ्या सनदेत रानात जनावरं चारायचा साध्या माणसाचा हक्क राजाला मान्य करावा लागला होता. पुस्तकात ते नव्हतं, तरी मी हौसेने सांगायचो.

अलीकडे आमच्या गावाने हिवरे बाजारासारखं व्हायचं मनावर घेतलं. बंधारे झाले, विहिरींना पाणी आलं, मलाही बरं वाटलं. मग गवत-झाडं वाढावीत म्हणून ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव आला. डोंगरावर यापुढे एकही जनावर जाणार नव्हतं. ज्यांना शेती होती त्यांच्या बांधावर वैरण होती, त्यांचं काही अडणार नव्हतं. माझ्या शेजारच्या विधवा बाईला गुंठाभरही जमीन नाही. तिचं पोट चार-पाच शेळ्यांवर.

मी उठलो. "गावाला अधिकार आहे, पण एका बाईची रोजी बुडवण्याचाही आहे का? निदान डोंगराचा एक कोपरा तिला ठेवा."

सरपंच माझाच विद्यार्थी. अदबीने हसला. "सर, राजाला आवरायचं तुमीच शिकवलं. हितं राजा कुठं हाय? हितं समदा गाव हाय. गावाला कोन आवरनार?"

टाळ्या पडल्या. गावालाच तर आवरायला हवं, असं मी ओरडलो, पण ऐकतो कोण!

मग हात वर झाले. मी मागे वळून पाहिलं. बायकांच्या घोळक्यात तिचाही हात वर होता.

परतताना मी तिला गाठलं आणि चिडून विचारलं, "वहिनी, तुम्ही कशाला हात वर केलात?"

"माजा एकलीचा खाली दिसला असता, सर. उद्या अडल्या-नडल्याला कुनाच्या दारात जाऊ? तुमाला पेन्शन हाय, तुमाला जमतंय."

मी त्या हक्कावर वर्षानुवर्षं घसा कोरडा केला. तो मागायलासुद्धा मागे काहीतरी आधार लागतो, हे मला कधी सुचलं नाही. आता शिकवलेलं सगळं फुकट गेलंसं वाटतं, आणि ते वाटणं जात नाही.

पुढच्या बाजारात तिने शेळ्या विकल्या. सध्या ती आमच्याकडे धुणंभांडी करते. ती आली की मी बाहेर जाऊन बसतो.