केजचे अस्सल ज्यू

वडिलांची केजच्या जनावरांच्या दवाखान्यात बदली झाली तेव्हा मी सहावीत होते. भाड्याने घर पाहायला गेलो, तर मालकांनी नळाला पाणी किती वेळ येतं हे सांगायच्या आधी आमचा धर्म विचारला.

"मुसलमान हायेत का?"

"नाही."

"मंग ख्रिश्चन?"

"नाही. ज्यू."

मालकांचा चेहरा उजळला. "म्हंजी जैन! आदी न्हाई का सांगायचं?"

वडिलांनी खुलासा केला नाही. दोन खोल्या आणि मोरी मिळत होती, तेवढ्यासाठी माणसाने जैन व्हायला हरकत नसते. शुक्रवारी आईने मांजरा धरणातला रोहू तळला आणि आमचं जैनपण आठवड्यात आटोपलं. पण मालक भले गृहस्थ. "जैनात बी लई प्रकार असतेत," अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. शनिवार हा आमचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस, म्हणून आई चूल पेटवत नसे, त्यावरून गल्लीने ठरवलं की ही बाई मारुतीची कडक भक्त आहे. आईने तेही चालवून घेतलं.

वडील निवृत्त होऊन इथेच राहिले आणि इथेच गेले. मी इथल्या कॉलेजात गणित शिकवते. नातेवाईक काही कोकणात, काही ठाण्यात, बरेचसे इस्राएलात. सबंध तालुक्यात ज्यू म्हणून आम्ही दोघीच. त्यामुळे समाजात मतभेद झाले तर ते स्वयंपाकघरातच मिटतात.

गेल्या हिवाळ्यात एका परदेशी गृहस्थांचा ईमेल आला. ते स्वतः ज्यू होते आणि 'गोऱ्या नसलेल्या ज्यूंची ओळख' या विषयावर लिहीत होते. आपण गोरे नाही हा कुणाचा तरी विषय होऊ शकतो, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. आई मात्र हरखली. "आपला माणूस येतोय," म्हणाली. तिने केस काळे केले, ठेवणीतला पंजाबी ड्रेस इस्त्री केला आणि मलिदा करायला घेतला. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. आमच्याकडे शुभप्रसंगी प्रार्थना म्हणून हे ताट वाटतात.

गृहस्थ मांजरसुंब्याला चहा पिऊन, धुळीने माखून पोचले. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे आत प्रार्थनेचा कागद असलेल्या आमच्या पवित्र डबीला, त्यांनी हात लावला, मग ती कुठे विकत मिळाली ते विचारलं. मलिद्याकडे पाहून म्हणाले, "पण हा तर हिंदू प्रसाद वाटतो." मग वही उघडून त्यांनी मुख्य प्रश्न विचारला. मी दुभाषी.

"आई, ते विचारतायत, आपण धर्मांतर कधी केलं?"

आईने चष्मा पुसला. "त्याला विचार, त्याचे पूर्वज गोरे कधी झाले? आमचे तर जेरुसलेमहून उन्हातूनच निघाले होते."

मी त्यांना सांगितलं, "आई म्हणते, नक्की आठवत नाही."

तेवढ्यात शेजारच्या मावशी डोकावल्या. मावशी बौद्ध, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. अंगावर लुगडं, कपाळावर गोंदण. आईने त्यांच्या हातात मलिद्याचं ताट दिलं, आणि गृहस्थ एकदम उठून उभे राहिले. खिडकीजवळ उभं करून त्यांनी मावशींचे वीसेक फोटो काढले. आईचा एक काढला, तोही ती गृहस्थांचा चहाचा कप उचलताना.

दोन महिन्यांनी लेख आला. वरती पानभर मावशी. खाली ओळ : 'बीडच्या शेवटच्या ज्यूंपैकी एक. चेहऱ्यावर शतकांच्या भटकंतीच्या खुणा.' मावशी अंबाजोगाईच्या पुढे फारशा गेलेल्या नव्हत्या.

त्यांना वाचून दाखवलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "जल्मभर लोकं विचारतेत, बौद्ध ते कळलं, पर मूळचे कोण? आता परदेशातूनच उत्तर आलं की!"

मीही हसले. आई हसली नाही. लेख दोनदा खालीवर सरकवून तिने फोन मला परत दिला. "इथल्यांनी जैन म्हटलं, मारुतीची भक्त म्हटलं, मला राग नाही आला. त्यांना काय माहीत? पण हा तर आपला होता ना गं."

मावशींचं हसू थांबलं. मी गृहस्थांना चूक कळवली. त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली, फोटो तसाच ठेवला आणि ओळ बदलून 'स्थानिक समाजातील स्त्री' अशी केली. म्हणजे आता लेखात आम्ही कुणीच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मावशी नवी साडी नेसून दारात. "ताई, उठा. चला."

"कुठे?"

"फोटू काढाय. काहून बसलाव तोंड पाडून?"

स्टँडजवळच्या स्टुडिओत दोघी शेजारी शेजारी बसल्या. आईने ड्रेसची ओढणी चार वेळा नीट केली. फोटोग्राफरने दिवे लावता लावता विचारलं, "बहिणी हायेत का?"

"हाव," मावशी म्हणाल्या.

आई म्हणाली, "हो."

थोरली कोण, हे मात्र दोघींपैकी एकीनेही सांगितलं नाही.